गरजेचा माग



मराठीत 'माग' म्हणजे कापड विणणारं यंत्र आणि माग म्हणजे पाऊलखुणांवरून घेतलेला शोधही. भिवंडीने पहिला माग पिढ्यान्‌पिढ्या चालवला. आज दुसऱ्याबद्दल बोलू.

भिवंडीजवळच्या अंजूर परिसरातल्या गोदामांत कोणता माल कुठं ठेवलाय, हे आता संगणक सांगतो. असं सॉफ्टवेअर बहुधा ऑब्जेक्ट ओरिएंटेड पद्धतीनं लिहितात. 'माल' नावाचा एक साचा करायचा, म्हणजे क्लास. मालाची माहिती आणि आवक-जावकेचे हिशेब त्यातच ठेवायचे. नॉर्वेच्या डाल आणि निगार्ड यांनी 1960च्या दशकात 'सिम्युला' भाषेतून ही वाट दाखवली. एकदा केलेला साचा दुसरीकडे वापरता येतो, हा तिचा मोठा फायदा.

पण समजा, हा साचा खोक्यांच्या गोदामासाठी केलाय. खोकी पूर्ण अंकातच मोजतात. तोच साचा ग्रे, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या, कापडाच्या गोदामात नेला, तर साडेएकशेदोन मीटरचा तागा एकशेदोनच मीटर नोंदला जाईल. साच्यात चूक नव्हती, गरज वेगळी होती.

असंच प्रत्यक्षातही घडलं. 4 जून 1996 रोजी युरोपचं एरियान 5 रॉकेट पहिल्याच उड्डाणात, चाळीसेक सेकंदांत, चार उपग्रहांसह नष्ट झालं. दिशा सांगणारं सॉफ्टवेअर एरियान 4 मधून घेतलेलं होतं. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त होता. त्या वेगाशी जोडलेला एक आकडा 16 बिटांच्या जागेत, म्हणजे 32,767 च्या मर्यादेत, मावला नाही आणि यंत्रणा बंद पडली. ज्या हिशेबात हा आकडा लागत होता, त्या भागाची उड्डाणानंतर एरियान 5 ला गरजच नव्हती. जुन्या रॉकेटची गरज संपली, तरी तिच्यासाठी लिहिलेला भाग सोबत आला.

यावरचा उपाय साधा आहे. ग्राहकाच्या प्रत्येक गरजेला क्रमांक द्या. तोच क्रमांक आराखड्यावर, क्लासवर आणि चाचणीवर लिहा. गरज बदलली, की कोणते क्लास उघडायचे ते कळतं. क्लास हाती आला, की तो कोणत्या गरजेपोटी, कोणत्या मर्यादेत लिहिला, ते कळतं. माग दोन्हीकडून निघायला हवा.

संगणक शिकणाऱ्या मुलामुलींना माझी विनंती आहे. तयार घटक जरूर वापरा, त्यानं श्रम वाचतात. मात्र तो उचलण्याआधी त्याच्या गरजेचा माग काढा, आणि तुम्ही लिहिलेल्या घटकाचा माग पुढच्यासाठी लिहून ठेवा.