अर्ध्या पोहणाऱ्याची फळी



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा त्यांची कल्पना असावी की, हा मनुष्य बोनस, वेतनमंडळ किंवा साखर कामगारांचे करार यांपैकी कशावर तरी बोलेल. माझे आयुष्य त्यातच गेले असल्यामुळे त्यांची कल्पना चूक होती असे म्हणता येणार नाही. मी मात्र विषय कळवला तो पाण्यावरच्या फळीचा. त्यावर एका गृहस्थांनी मला विचारले, "अहो, आपल्याकडे उन्हाळ्यात प्यायला पाणी मिळत नाही, आणि तुम्ही पोहण्यावर काय बोलणार?" मी त्यांना म्हटले, जेथे पाणी कमी तेथे माणसाला पाण्याची सवय कमी, आणि जेथे सवय कमी तेथे धोका जास्त. शिवाय हे दिवस सुट्ट्यांचे आहेत. ऊन चढले की पोरे विहिरी, कालवे आणि शेततळी शोधत हिंडतात. म्हणून आजच हे बोलणे बरे.

पाण्याच्या बाबतीत माणसांचे तीन वर्ग पडतात. ज्याला मुळीच पोहता येत नाही तो काठावर बसतो. ज्याला पुरते पोहता येते तो बहुधा सुखरूप परत येतो. तिसरा वर्ग आहे तो अर्धे पोहणे आलेल्यांचा. दहा-वीस हात मारता येतात, दम किती टिकेल हे ठाऊक नसते, आणि लोक पाहत आहेत हे मात्र पक्के ठाऊक असते. अर्ध्या हळकुंडाने पिवळा होणारा म्हणतात तो हाच. आजचे सारे बोलणे या तिसऱ्या वर्गाविषयी आहे. आणि मी स्वतः त्या वर्गात बरीच वर्षे काढलेली आहेत.

मी विहिरीत पोहायला शिकलो. त्या काळी आमच्याकडे पोराच्या पाठीला सुका भोपळा, नाही तर पांगाऱ्याचे ओंडके बांधून त्याला पाण्यात सोडत. या ओंडक्यांना काही भागांत बिंडा म्हणतात. माझ्या चुलत्यांनी मला तीन ओंडके बांधले. आठ-दहा दिवसांनी एक काढला, आणखी काही दिवसांनी दुसरा काढला. तिसरा काही केल्या काढीनात. एके दिवशी शेजारच्या वाडीची पोरे काठावर जमली. ती एकही ओंडका न बांधता उड्या मारीत होती. मला लाज वाटली. मी गाठ सोडली आणि उडी घेतली. पहिले आठ हात उत्तम गेले. पुढे काय झाले ते मला नीट आठवत नाही. चुलत्यांनी मोटेचा जुना नाडा टाकला आणि तो माझ्या हाती लागला, एवढे आठवते. वर आल्यावर त्यांनी मारले नाही. ते इतकेच म्हणाले, "अरे, ओंडका लोकांना दाखवायला नसतो, जीव धरायला असतो."

हा ओंडका काम कसे करतो, ते पाहू. पाण्यात बुडालेली वस्तू जेवढे पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतके पाणी तिला वर लोटते. हे आर्किमिडीजने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी सांगितले. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. एक फूट लांब आणि अर्धा फूट जाड असा गोल ओंडका साधारण साडेपाच लिटरचा भरतो. पांगाऱ्याचे सुके लाकूड फार हलके, पाण्याच्या चौथाई ते तिसऱ्या हिश्श्याच्या वजनाचे. म्हणजे तो ओंडका दीड-पावणेदोन किलोचा. साडेपाचातून ते वजा केले की पावणेचार किलोंच्या आसपास उचल हाती राहते. आता माणसाचे शरीर छाती भरून श्वास घेतला असता जेमतेम तरंगते आणि श्वास सोडला की बुडू लागते. डोके पाण्याबाहेर राहावे एवढ्यासाठी बहुतेक मोठ्या माणसांना 3 ते 5 किलोंची उचल पुरते. एका ओंडक्याने माणूस तरतो तो या हिशेबाने. माझ्या चुलत्यांना लिटर ठाऊक नव्हते, पण तीनाचे दोन आणि दोनाचा एक करताना ते हाच हिशेब करीत होते.

उचल हा शब्द मी वापरला, तेव्हा पाथर्डी-जामखेडकडच्या श्रोत्यांना दुसरीच उचल आठवली असेल. ऊसतोडीला जाण्यापूर्वी मुकादमाकडून घेतलेली उचल माणसाला वर काढीत नाही, हंगामभर खाली ओढते. पाण्याची उचल तशी नाही. ती परत मागत नाही. तिला एकच अट असते, की ती पुरेशी असावी.

या पांगाऱ्याचा एक भाऊबंद मला वाचनालयात भेटला. प्रशांत महासागरातील हवाई बेटांवर विलीविली नावाचे झाड होते. ते पांगाऱ्याच्याच कुळातले, तसेच हलके. तेथील लोक फार जुन्या काळापासून फळीवर उभे राहून समुद्राच्या लाटेबरोबर काठाकडे येत. इंग्रज दर्यावर्दी कुक 1778 साली त्या बेटांवर पोहोचला, तेव्हा हा खेळ तेथे भरात होता. तेथल्या सरदारांची ओलो नावाची लांब, जाड फळी विलीविलीच्या लाकडाची असे. सामान्य रयतेच्या वाट्याला अलाया नावाची आखूड, पातळ फळी येई, ती कोआसारख्या जड लाकडाची. हलके लाकूड सरदाराला आणि जड लाकूड रयतेला, हे वाचून माझ्यासारख्याला काय वाटले ते सांगायला नको. पाकी नावाच्या एका सरदाराच्या फळ्या होनोलुलूच्या बिशप संग्रहालयात आहेत. टॉम ब्लेक नावाच्या अमेरिकनाने त्या अभ्यासल्या, आणि फळी आतून पोकळ केली तर तीही हलकी होईल असे ताडून तशी फळी बनवली. 1932 साली तिचे पेटंट त्याला मिळाले. आमचा सुका भोपळा तरी दुसरे काय आहे?

आज या फळ्या फोमच्या होतात, त्यांना सर्फबोर्ड म्हणतात, आणि हा खेळ टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये 2021 साली प्रथमच खेळला गेला. मंगळूरजवळ मुलकी येथे आणि गोव्याच्या उत्तरेकडील किनाऱ्यावर तो शिकवतात. मला त्यात विशेष वाटले ते हे, की फळीवर तिची लांबी-रुंदी लिहितात, तसे पुष्कळदा लिटरही लिहितात. म्हणजे ओंडक्याचाच हिशेब! नवख्याला आठ-नऊ फुटांची, 70-80 लिटरची फळी देतात. निष्णात माणूस सहा फुटांच्या आसपासची, 25-30 लिटरची फळी वापरतो. मोठी फळी माणसाला पाण्यावर उचलून धरते. हाताने वल्हवली की लवकर वेग घेते. लाट मोडण्याआधीच तिच्यावर चढता येते. लहान फळी झटकन वळते. पण तिच्यावर माणूस छातीपर्यंत पाण्यात राहतो, आणि लाट पकडायला दंडात बळ आणि वर्षांची सवय लागते.

आमच्या एका सभासदाचा मुलगा गोव्यात हॉटेलात नोकरीला आहे. तो तेथे हा खेळ शिकला. एका हंगामात उभा राहू लागला, सरळ काठापर्यंत येऊ लागला. मग त्याने पगार साठवून एक जुनी फळी विकत घेतली. कशी घेतली? स्पर्धेतल्या खेळाडूंच्या हातात पाहिली होती तशी: आखूड, पातळ, टोकदार. पुढचा सारा हंगाम त्याने पाण्यात लाटांची वाट पाहण्यात घालवला. लाट येई आणि त्याला सोडून पुढे जाई. तो घरी आला तेव्हा म्हणाला, "काका, मला वाटतं हा खेळ माझ्यासाठी नाही." मी विचारले, "फळी किती लिटरची?" म्हणाला, अठ्ठावीस. वजन विचारले, तर बहात्तर किलो. मी त्याला म्हटले, "खेळ तुझ्यासाठी आहे, फळी तुझ्यासाठी नाही."

त्याला मी जे सांगितले ते असे. पहिली गोष्ट, फळी निवडताना आपला उत्तम दिवस धरू नये. थकलेल्या दिवशी, थंडीने काकडलेल्या दिवशी आपल्याला काय जमते, ते धरावे. दुसरी गोष्ट, समोरचे पाणी पाहावे. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात समुद्र खवळतो, तेव्हा त्यात उतरूच नये; आणि उघडिपीच्या महिन्यांत लाटा बहुधा लहान, मवाळ असतात. मवाळ लाटेला मोठी फळी हवी. जोरकस लाटेचे चित्र पाहून मवाळ लाटेसाठी फळी घेणे म्हणजे डोंगरातली गाय पाहून कोरडवाहू दावणीला आणण्यासारखे आहे. तिसरी गोष्ट, लिटर एकदम कमी करू नयेत. 80 वरून 60-65 वर यावे; तेथे चांगले वळता येऊ लागले, उभे राहणे सहज झाले, की 50 च्या आसपास यावे. आणि जुनी फळी लगेच विकू नये. ज्या दिवशी लाट लहान, त्या दिवशी तीच कामाला येते. तीनाचे दोन, दोनाचा एक, हीच चुलत्यांची रीत. पोराने ती आखूड फळी विकली आणि साडेसात फुटांची, जाड फळी घेतली. आता तो खेळ सोडण्याचे नाव काढीत नाही.

त्या पोराचा फार तर एक हंगाम वाया गेला. आपल्या जिल्ह्यात अशीच निवड चुकली तर जीव जातो.

विहिरीत पायऱ्या असतात, दगडांच्या कपारी असतात, पंपाचा पाइप असतो. दमलेला पोहणारा काहीतरी धरतो. शेततळ्यात काय असते? 2016 पासून 'मागेल त्याला शेततळे' योजनेत कमाल तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल अशी तळी झाली. त्यांनी कित्येक बागा जगवल्या, हे मी नाकारीत नाही. पण ज्या तळ्यांना प्लास्टिकचा कागद अंथरला आहे, त्यांचे उतार शेवाळाने इतके निसरडे होतात की पट्टीचा पोहणाराही बाहेर चढू शकत नाही. ज्या पोराला विहिरीत वीस हात येतात, ते पोर म्हणते, हे तळे तर विहिरीपेक्षा उथळ दिसते. काठाशी येते, हात घालते, घसरते. पुन्हा हात घालते, पुन्हा घसरते. पोहता न आल्यामुळे ते बुडत नाही. बाहेर येता न आल्यामुळे बुडते. आणि त्याला काढायला दुसरे उतरते, तेही तसेच जाते. अशा एका तळ्याच्या काठावर पंचनाम्याच्या वेळी मी उभा होतो. दोन जोडी चपला नीट शेजारी शेजारी काढून ठेवलेल्या होत्या. त्यानंतर मी हा विषय मनात धरला.

म्हणून आता व्यवहाराचे चार शब्द. पहिले, प्रत्येक शेततळ्याला कुंपण असावे, आणि चारही बाजूंना खुंट्याला बांधलेले, गाठी मारलेले जाड दोर तळापर्यंत सोडलेले असावेत. दोरांना फारसा खर्च येत नाही. दुसरे, गोड्या तेलाचे पाच लिटरचे दोन रिकामे कॅन, झाकणे घट्ट लावून एकत्र बांधावेत आणि लांब दोरीसकट काठावर टांगावेत. औषधफवारणीचे कॅन नकोत. दोन कॅन मिळून नऊ-साडेनऊ किलोंची उचल देतात. मोठा माणूस छातीशी धरून तरंगू शकतो. बुडणाऱ्याकडे ते फेकावेत. आपण पाण्यात उतरू नये. दोरी नसेल तर लुगडे, धोतर, जे असेल ते फेकावे. फेकणाऱ्याने आडवे पडावे आणि दुसऱ्याने त्याचे पाय धरावेत.

तिसरे, मोटारीच्या ट्यूबवर विसंबू नये. तिची उचल मोठी, पण लहान पोर तिच्यातून खाली निसटते. आणि पाठीला बांधलेला ओंडका किंवा डबा शिकण्यापुरताच, तोही जाणता माणूस जवळ असताना. कारण दमून बेशुद्ध झालेल्याचे तोंड तो वर करीत नाही, पाण्यातच ठेवतो. तोंड वर करायचे असेल तर उचल छातीवर आणि मानेमागे हवी. चांगले जाकीट तसेच केलेले असते. भंडारदऱ्याला किंवा मुळा धरणावर नावेत बसाल, तेव्हा जाकिटावरचा आकडा वाचा. 50 न्यूटन म्हणजे सुमारे पाच किलोंची उचल; ते पोहता येणाऱ्यासाठी आणि मदत जवळ असेल तेव्हासाठी असते. पोहता न येणाऱ्याला 100 किंवा अधिक पाहिजे. आणि अर्धे येणाऱ्याने स्वतःला कोणत्या वर्गात धरावे? न येणाऱ्याच्या. यात कमीपणा नाही.

चौथे, ज्यांची पोरे उसाच्या फडाशेजारी, कालव्याच्या काठी दिवसभर एकटी असतात, त्यांना सुट्टी नसते आणि जाकीटही नसते. त्यांच्यासाठी गावाने पोहणे शिकवण्याची सोय केली पाहिजे, आणि ज्याच्या जमिनीत तळे आहे त्याने दोर टाकला पाहिजे. ही मागणी मी कोणत्याही कराराच्या मसुद्याइतक्याच गांभीर्याने आपल्यापुढे ठेवतो.

माझे चुलते आता नाहीत. ती विहीरही आटली. तिसरा ओंडका त्यांनी पुढच्या उन्हाळ्यात काढला; काठावर कोणी नव्हते, त्या दिवशी काढला. मी त्या दिवशी विहिरीला सात फेऱ्या मारल्या. ते मोजत होते, एवढेच.

 घरी जाताना वाटेत एखादे शेततळे लागले, तर त्याला दोर आहे की नाही एवढे कृपा करून पाहा.