फॉरमॅट हा शेवटचा उपाय

विरारहून चर्चगेटची गाडी पकडणाऱ्या नोकरदाराच्या पाठीवरच्या बॅगेत आज लॅपटॉप असतो. वालीव-सातिवलीच्या औद्योगिक गाळ्यांत जीएसटीची बिलं त्याच्यावर निघतात, नालासोपाऱ्यातल्या डीटीपीच्या दुकानात लग्नपत्रिका त्याच्यावर जुळतात आणि कॉलेजातल्या मुलामुलींचे प्रकल्पही त्यातच साठलेले असतात. असा लॅपटॉप रात्री विंडोजचं अपडेट घेतो आणि सकाळी सुरूच होत नाही. मग तो दुरुस्तीच्या दुकानात जातो आणि पुष्कळदा एकच निदान ऐकू येतं : "फॉरमॅट मारावा लागेल." मला आज एवढंच पटवून द्यायचं आहे, की हे निदान बहुतेक वेळा घाईचं असतं. यंत्र सुरू न होणं आणि आपलं काम नाहीसं होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून उपाय करताना जे परत फिरवता येतात ते आधी करावेत आणि जो परत फिरवता येत नाही, तो फॉरमॅट, म्हणजे डिस्क पुसून विंडोज पुन्हा बसवणं, अगदी शेवटी ठेवावा.

याचा सर्वांत मोठा पुरावा १९ जुलै २०२४ या दिवसानं दिला. क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीच्या सुरक्षा-सॉफ्टवेअरची एक सदोष अपडेट आपल्या वेळेनुसार सकाळी साडेनऊनंतर जगभर पोचली. ती सुमारे सव्वा तासात मागे घेतली गेली. पण तेवढ्या वेळात, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले. मुंबईच्या विमानतळावर रांगा लागल्या आणि देशात अनेक ठिकाणी प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. ही विंडोजची स्वतःची अपडेट नव्हती, दुसऱ्या कंपनीची होती. पण वापरणाऱ्यापुढे उभा राहिलेला प्रश्न तोच होता : काल चालणारं यंत्र आज उठत नाही. यावर उपाय काय निघाला? संगणक सेफ मोडमध्ये, म्हणजे फक्त आवश्यक भागांसह, सुरू करायचा, ती एक सदोष फाइल काढून टाकायची आणि यंत्र पुन्हा चालू करायचं. डिस्कवरचं काम जागच्या जागी होतं. ज्यानं त्या सकाळी घाईघाईनं डिस्क पुसली असती, त्यानं न झालेलं नुकसान स्वतःच्या हातानं ओढवून घेतलं असतं.

आता उपायांचा क्रम पाहू. पहिला उपाय थांबण्याचा आहे. पडद्यावर टक्केवारी किंवा फिरणारं वर्तुळ दिसत असेल, तर अपडेट अजून चालू असण्याची शक्यता असते. जुन्या हार्ड डिस्कवर हे काम तासाभराहूनही लांबू शकतं आणि मध्येच बटण दाबून यंत्र बंद केलं, तर साधी दिरंगाई खऱ्या बिघाडात बदलू शकते. दुसरी पायरी, नेमकं काय बंद आहे ते ओळखण्याची. दिवाच लागत नसेल, तर प्रश्न विजेचा आहे. चार्जर, पेनड्राइव्ह, प्रिंटरची वायर असं जोडलेलं सगळं काढावं, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरावं आणि मग फक्त चार्जर जोडून पाहावं. पंख्याचा आवाज येतो पण पडदा काळा आहे, असं असेल तर एचडीएमआय वायरनं लॅपटॉप घरातल्या टीव्हीला जोडावा. टीव्हीवर चित्र आलं, तर यंत्र चालू आहे. दोष पडद्याचा किंवा त्याच्याशी संबंधित भागाचा आहे. कंपनीचं चिन्ह दिसून गाडी तिथेच अडत असेल, तरच विंडोजकडे वळावं.

विंडोजमध्ये अशा वेळेसाठी वेगळी सोय ठेवलेली असते. लागोपाठ दोन वेळा सुरू होताना ते अडलं, की पुढच्या वेळी बहुधा दुरुस्तीचा निळा पडदा आपोआप येतो. त्यात 'ट्रबलशूट' आणि त्याच्या आत 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' असे पर्याय दिसतात. तिथे आधी 'स्टार्टअप रिपेअर' चालवावं. त्यानं भागलं नाही, तर 'अनइन्स्टॉल अपडेट्स' मधून शेवटची अपडेट काढावी. तेही जमलं नाही, तर 'सिस्टिम रिस्टोर'नं आधीच्या तारखेला परतावं किंवा सेफ मोडमध्ये जाऊन नुकतंच टाकलेलं ड्रायव्हर वा सॉफ्टवेअर काढावं. यांतला कुठलाही उपाय तुमच्या कागदपत्रांना हात लावत नाही. त्यानंतर 'रीसेट धिस पीसी' येतं, आणि इथे सावध राहायला हवं. त्यातला 'कीप माय फाइल्स' हा पर्याय वैयक्तिक फाइली ठेवतो, पण नंतर टाकलेली सॉफ्टवेअर काढून टाकतो. हिशेबाचं किंवा मराठी टंकलेखनाचं सॉफ्टवेअर परवान्यासह पुन्हा बसवावं लागतं आणि सी ड्राइव्हवर भलत्याच फोल्डरमध्ये ठेवलेला डेटा टिकेलच याची खात्री देता येत नाही. म्हणून ही पायरी चढण्याआधी डेटाची प्रत बाहेर काढायला हवी. यंत्र उठत नसलं, तरी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून किंवा डिस्क काढता येत असेल तर ती दुसऱ्या संगणकाला जोडून ही प्रत घेता येते.

मात्र या वाटेवर एक कुलूप असू शकतं. अलीकडच्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये डिस्क सांकेतिक रूपात जपलेली असते. या सोयीला बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन म्हणतात. एखाद्या अपडेटनंतर यंत्राला शंका आली, की ते ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. जुलै २०२४ च्या विंडोज अपडेटनंतर काही संगणक असे अडले होते, हे मायक्रोसॉफ्टनंच मान्य केलं होतं. घरगुती लॅपटॉपची ही की बहुधा ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यानं तो प्रथम सुरू केला, त्या खात्यात साठवलेली असते आणि मोबाइलवरून ते खातं उघडून ती पाहता येते. अडचण अशी, की अनेक घरांत हे खातं विकणाऱ्यानं किंवा घरातल्या मुलानं उघडलेलं असतं आणि त्याचा पासवर्ड कुणाच्या लक्षात नसतो. की नसेल, तर कितीही निष्णात कारागीर ती डिस्क वाचू शकणार नाही. इथे डेटा सुरक्षित असूनही हाताशी येत नाही, आणि ही स्थिती केवळ आधी घेतलेल्या काळजीनं टळते.

यावर पहिला आक्षेप व्यवहाराचा आहे. हातावर काम असलेल्या माणसाला एवढा वेळ कुठला? दुकानदार फॉरमॅट करून संध्याकाळपर्यंत यंत्र हातात देतो. हा आक्षेप खरा आहे आणि त्यात दुकानदाराचाही दोष नाही. फॉरमॅटचं काम ठरावीक वेळात, ठरावीक पैशांत होतं; दोष शोधायला किती तास लागतील हे त्याला सांगता येत नाही आणि त्या तासांचे पैसे द्यायला गिऱ्हाईक तयार नसतं. पण वाचलेला तो वेळ आपणच पुढे फेडतो : हिशेब पुन्हा भरण्यात, प्रकल्प पुन्हा लिहिण्यात, आणि हरवलेल्या फोटोंच्या बाबतीत तर फेडच होत नाही. म्हणून लॅपटॉप दुकानात देताना तीन गोष्टी स्पष्ट बोलाव्यात. आधी डेटाची प्रत हवी. अपडेट काढून पाहा. आणि मला विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नका. शोधण्याच्या कामाचे वेगळे पैसे देण्याची तयारीही दाखवावी. योग्य कामाला दाम मिळाला, तर योग्य काम होतं.

दुसरा आक्षेप : मग अपडेट घ्यायचीच कशाला? त्याचं उत्तर २०१७ सालात आहे. वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसनं १२ मे रोजी जगभर संगणक बंद पाडले, ब्रिटनमधली सरकारी रुग्णालयंही त्यात होती. ज्या छिद्रातून तो शिरला, ते बुजवणारी अपडेट मायक्रोसॉफ्टनं १४ मार्चलाच दिली होती. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या आला. त्याच्या शिरकावाच्या वाटांपैकी एक वाट तेच छिद्र होतं, आणि त्याच्या तडाख्यात आपल्या उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम विस्कळीत झालं. अपडेट टाळणाऱ्याचं यंत्र सकाळी नीट सुरू होतं, पण ते दार उघडं ठेवून चालत असतं.

तिसरा आक्षेप सर्वांत विचार करण्यासारखा आहे : डेटा नेहमी सुरक्षितच असतो का? नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोजच्या एका मोठ्या अपडेटनं काही वापरकर्त्यांच्या फाइलीच पुसल्या आणि मायक्रोसॉफ्टला तिचं वितरण थांबवावं लागलं. शिवाय अपडेटनंतरचा प्रत्येक बिघाड अपडेटमुळेच झालेला नसतो. अपडेट डिस्कवर भरपूर लिहिते आणि यंत्र पुन्हापुन्हा सुरू करते. आधीच झिजलेली डिस्क नेमकी तेव्हा हार मानते. हा आक्षेप माझं म्हणणं खोडत नाही, उलट बळकट करतो. डिस्क मरणपंथाला लागली असेल, तर तिच्यावर फॉरमॅट करणं म्हणजे उरलीसुरली संधीही घालवणं. तिथेही आधी प्रत, मग दुरुस्ती, हाच क्रम योग्य ठरतो.

वसई-विरारकरांनी एक गोष्ट अधिक ध्यानात घ्यावी. इथे पावसाळ्यात वीज जाणं नवं नाही. जुलै २०१८ च्या पुरात रुळांवर पाणी आलं, लोकल थांबल्या आणि अनेक वस्त्या अंधारात राहिल्या. बॅटरी संपलेला, कायम चार्जरवर चालणारा लॅपटॉप अपडेटच्या मधोमध वीज गेली तर तिथेच बंद पडतो, आणि अपडेट बायॉसची, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमची, असेल तर नुकसान मोठं होतं. म्हणून मोठी अपडेट बॅटरी भरलेली असताना, दुसऱ्या दिवशी अत्यावश्यक काम नसताना घ्यावी. त्याआधी महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर आणि एक इंटरनेटवर ठेवावी. आणि यांतलं बाकी काही आज जमलं नाही, तरी मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जाऊन ती ४८ अंकी की कागदावर उतरवून घरातल्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये लावून ठेवा. यंत्र बंद पडल्यावर फॉरमॅटला नाही म्हणायचं असेल, तर त्याची तयारी यंत्र चालू असतानाच करावी लागते.