मोजणीची गाडी आणि आपली पायवाट
(पेण व रोहा तालुक्यांतील महिला मेळाव्यात केलेलं भाषण)

मैत्रिणींनो,

इथे निघताना घरून किंवा वाटेतून किती जणींना फोन लागला? डोंगराकडच्या बऱ्याच जणी हसताहेत. आज मी त्याबद्दलच बोलणार आहे. उद्याचं मोबाईलचं जाळं कुठेतरी आखलं जातंय. त्या आखणीत आपण आहोत का?

एका पावसाळ्यात मी एका ठाकूरवाडीत मुक्कामाला होते. रात्री शेजारच्या सुनेला कळा सुरू झाल्या. 108 ला फोन लावायचा तर टेपावरच्या आंब्याखाली जायला हवं. सासू विजेरी घेऊन चिखलातून पुढे, मी मागे. फोन लागेपर्यंत पाऊण तास गेला. बाळ-बाळंतीण वाचली, पण ती नशिबानं.

असं का होतं? टॉवर कुठे उभारायचा हे ठरतं ते वस्ती किती, वापर किती, पैसा किती सुटेल यावर. त्यामुळे महामार्ग आणि बाजारपेठा आधी, वाड्या शेवटी. शिवाय लहरींना डोंगर आडवा येतो. 700 मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात. 3300 मेगाहर्ट्झच्या लहरी माहिती पुष्कळ वाहून नेतात, पण लवकर विरतात. म्हणून शहरात नवं तंत्र आलं की ते आपोआप वाडीत पोचेल, हे खरं नाही. वाडीसाठी आखणी वेगळीच करावी लागते.

आता मोजणीचं पाहा. फोन नीट लागतो की नाही हे तपासायला ट्राय ही सरकारी संस्था मुख्यतः गाडीत यंत्रं ठेवून रस्त्यांवरून फिरते. आपण चालतो विहिरीच्या, रानाच्या पायवाटेनं. तिथे गाडी जात नाही. जिथे फोन लागत नाही तिथे वापर दिसत नाही, आणि वापर नाही म्हणजे गरज नाही असं धरलं जातं. घरकामाचं असंच झालं ना? मोजलंच नाही, म्हणून ते काम ठरलं नाही.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, देशातल्या 100 बायकांपैकी सुमारे 54 जणींकडेच स्वतः वापरायचा मोबाईल होता. बाकीच्या बायकांची गरज टॉवरच्या हिशेबात कशी दिसणार?

3 जून 2020 चं निसर्ग वादळ आठवा. वीज गेली, फोन मुके झाले. ऐन संकटात टॉवरला बॅटरी आणि जनरेटर किती वेळ पुरेल, हाही आखणीचाच भाग आहे.

पैसा नाही असं नाही. जुलै 2022 मध्ये केंद्रानं 24,680 गावांत फोर-जी नेण्यासाठी 26,316 कोटी रुपयांची योजना मंजूर केली. पण गावठाणात फोन लागला म्हणजे वाडीत लागला असं होत नाही. मार्च 2023 मध्ये सिक्स-जीचा आराखडाही जाहीर झाला. तो कागदावर आहे तोवरच बोलायला हवं.

म्हणून एक काम घेऊन जा. आठवडाभर घर, विहीर, अंगणवाडी, रानाची वाट, प्रत्येक ठिकाणी फोन लागतो का ते लिहा. लिहिता न येणारीनं कागदावर खूण करावी. 2024 च्या नियमांप्रमाणे कंपन्यांनी आपले नकाशे संकेतस्थळावर लावायचे आहेत. आपला नकाशा त्यांच्याशेजारी ठेवू. मग ग्रामसभेत ठराव करून तो जिल्हाधिकाऱ्यांकडे नेऊ.

त्यांची गाडी पायवाटेवर येत नसेल, तर पायवाटेची मोजणी आपणच करू.