नागपूरचा कूलर, दुबईचा चिलर आणि सानपाड्याचा घाम

संयोजकांनी मला दिलेला विषय आहे 'वाळवंटी उन्हाळ्यात घरचा एसी'. सानपाड्याच्या वसंत व्याख्यानमालेत वाळवंट कशाला, असं कुणाला वाटलं असेल, तर त्याचं उत्तर समोरच्या खुर्च्यांतच बसलेलं आहे. इथल्या बऱ्याच घरांतला मुलगा, जावई किंवा पुतण्या दुबईला, मस्कतला नाहीतर रियाधला असतो. तो फोनवर सांगतो, "आई, इथे ४५ अंश आहे, पण काही त्रास नाही." (तो घरात बसून बोलत असतो, हे तो सांगत नाही.) आणि आई इथे ३४ अंशांत पदराने मान पुसत म्हणते, "जीव नकोसा झालाय बाबा." खोटं कुणीच बोलत नाही. दोघांच्या उन्हाळ्याची जातच वेगळी आहे, आणि एसी घेताना, लावताना, चालवताना आपण नेमकं हेच विसरतो.

आपलं शरीर गार होतं ते घाम सुकल्यामुळे. एक लिटर घाम अंगावर सुकला, तर जवळजवळ पाऊण युनिट विजेइतकी उष्णता तो घेऊन जातो. तोच घाम टपटप गळून पडला, तर त्याचा उपयोग शून्य. माठाचंही तेच. विदर्भात मे महिन्यात माठातलं पाणी दातांना लागतं, आणि इथे पावसाळ्याच्या तोंडावर तोच माठ नुसता उभा असतो, कारण हवेला आणखी पाणी घ्यायला जागाच उरलेली नसते.

आता थोडे आकडे. हवामान मोजणारे दोन तापमापक ठेवतात. एक साधा, आणि दुसऱ्याच्या फुग्यावर ओलं मलमल गुंडाळलेलं. नागपुरात दुपारी ४३ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओला तापमापक २३ अंशांच्या आसपास उतरतो. म्हणजे वाळ्याचा चांगला कूलर खोलीत २६ अंशांची हवा सोडू शकतो, तीही पंख्याच्या आणि छोट्या पंपाच्या विजेवर. सानपाड्यात ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता धरा. इथे ओला तापमापक २८ च्या खाली जातच नाही. कूलर फार तर २९ अंशांची हवा देईल, पण ती पाण्याने गच्च भरलेली. विदर्भातून बदलीवर आलेली मंडळी हौसेने कूलर घेऊन येतात, आठवडाभर चालवतात, मग तो गॅलरीत जातो आणि त्यावर तुळशीची कुंडी बसते. कूलरचा काही दोष नाही. तो कोरड्या मुलखाचा गडी आहे.

याच कारणाने नुसता तापमानाचा आकडा बघून उन्हाळा ओळखता येत नाही. १६ एप्रिल २०२३ ला इथून जवळच, खारघरला, महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्याला आलेल्यांपैकी १४ जण उष्माघाताने गेले. त्या दिवशी तापमान ३८ अंशांच्या आसपास होतं. चंद्रपूरचा माणूस ३८ ला बरा दिवस म्हणेल. पण खाडीकाठची दमट हवा, उघडं मैदान आणि डोक्यावर दुपारचं ऊन एकत्र आलं, की ३८ पुरेसे होतात.

आता आखातात जाऊ. रियाध किंवा अल ऐन आत वाळवंटात आहेत. तिथली हवा कोरडी, तिथे नागपूरचं गणित पुष्कळसं लागू पडतं. दुबई मात्र वाळवंटात असूनही समुद्राकाठी आहे. ऑगस्टच्या रात्री इमारतीच्या गार लॉबीतून बाहेर पाऊल टाकलं, की चष्म्यावर वाफ धरते. जुन्या दुबईत, अल फहिदी भागात, घरांवर बारजील नावाचे वाऱ्याचे मनोरे आजही उभे आहेत. वरचा वारा पकडून खाली खोलीत आणायचा, एवढंच त्यांचं काम. माणसं त्यांच्या आधाराने पिढ्यान् पिढ्या राहिली. आज त्याच शहरातल्या अनेक टोलेजंग इमारतींत एसीचं स्वतंत्र यंत्र नसतं. एका केंद्रात पाणी थंड करतात आणि ते नळांतून घराघरांत फिरवतात. म्हणून भाड्याच्या जाहिरातीत 'चिलर फ्री' असं लिहिलेलं असतं. म्हणजे थंडाव्याचं बिल मालक भरणार. आपल्या लोकांना तिथे गेल्यावर पहिला धडा मिळतो तो वेगळाच: उन्हाळ्यात सुट्टीला गावी येताना एसी पूर्ण बंद करून येऊ नका. आपण इथे मेन स्विच बंद करून निघणारे, त्यामुळे हे ऐकून जीव कळवळतो. पण परत आल्यावर कपाटातले कपडे, गाद्या, भिंती बुरशीने भरलेल्या दिसतात. तिथेही खरा शत्रू पाणीच.

आणि गंमत अशी की हे यंत्र जन्मालाच आलं ते पाण्यासाठी. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या सॅकेट अँड विल्हेल्म्स छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा आणि एका रंगावर दुसरा रंग नीट बसायचा नाही. विलिस कॅरिअर या २५ वर्षांच्या अभियंत्याने कागदासाठी हवा कोरडी करणारी रचना काढली. माणसाच्या सुखाचा विचार नंतर झाला. मुंबईत १९३३ साली रीगल सुरू झालं, तेव्हा प्रेक्षकांना वातानुकूलित थिएटरचं अप्रूप होतं.

सानपाड्यातला दीड टनाचा एसी दमट दिवशी नळीतून तासाला दीड-दोन लिटर पाणी बाहेर टाकू शकतो. नागपुरात मे महिन्यात तीच नळी जवळपास कोरडी राहते. म्हणजे आपल्या वीजबिलातला मोठा वाटा हवा गार करण्यात नाही, हवा पिळून काढण्यात जातो. पण आपल्या हातातला रिमोट फक्त अंश दाखवतो, म्हणून चिकचिक झाली की आपण आकडा खाली नेतो. २४ वरून २१, २१ वरून १८. १८ लावल्याने खोली लवकर गार होत नाही. यंत्र थांबायला उशीर होतो, एवढंच. केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोचा हिशोब असा की एक अंश वर नेला तर साधारण ६ टक्के वीज वाचते. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलचे एसी सुरू करताच २४ वर येतील, असा नियमही झाला. माझं मत विचाराल, तर आपल्या हवेत २६, ब्लोअर सावकाश आणि छताचा पंखा चालू. ब्लोअर सावकाश अशासाठी, की हवा गार कॉइलवर जास्त वेळ रेंगाळते आणि जास्त पाणी सोडते. पावसाळ्यात 'ड्राय' मोड आहेच. ते बटण बहुतेकांनी कधी दाबलेलं नसतं.

दुकानदार सांगतो, "दीडच घ्या साहेब, एकदम गारेगार." शंभर-सव्वाशे चौरस फुटांच्या बेडरूमला दीड टन म्हणजे घोटाळा. जुन्या पद्धतीचं यंत्र असेल तर दहा मिनिटांत खोली गार करून ते थांबतं, आणि पाणी हवेतच राहतं. अंग थंड पण चादर दमट, हा अनुभव तिथूनच येतो. अशा खोलीला एक टन पुरतो. अपवाद वरच्या मजल्याचा आणि पश्चिमेच्या भिंतीचा, कारण दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता खाली सोडत राहतो. तिथे मोठा एसी घेण्याआधी गच्चीवर पांढरा थर किंवा चायना मोझॅक करा. पैसे तिथे जास्त चांगले खर्च होतात.

गॅसबद्दल एक सांगतो, कारण दर एप्रिलला घरोघरी हा संवाद घडतो. मेकॅनिक म्हणतो, "गॅस कमी झालाय, भरावा लागेल." एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. तो बंद नळीत फिरतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता भरलेला गॅस पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुन्हा जाणार. आपल्याकडे गळतीला आणखी एक कारण आहे. खाडीच्या चिखलातून आणि नाल्यांतून निघणारा गंधकयुक्त वायू तांब्याला खातो. पाम बीच रोडच्या बाजूला राहणाऱ्यांनी कॉइल घेताना त्यावर संरक्षक थर आहे का, एवढं तरी विचारावं.

शेवटचा मुद्दा सोसायट्यांचा. बाहेरचं युनिट खोलीतली उष्णता आणि शिवाय स्वतः खाल्लेली वीज, असं सगळं बाहेर फेकतं. इमारतीच्या अरुंद डक्टमध्ये एकावर एक अशी अनेक युनिटं टांगली, की खालच्याची गरम हवा वरचा ओढतो, त्याची त्याच्याही वरचा. सातव्या मजल्यावरच्या माणसाला वाटतं आपला एसी बिघडला. प्रत्यक्षात तो खालच्या सहा घरांची उष्णता उपसत असतो. हे कुणा एका सभासदाला सुटणारं नाही. तेव्हा सोसायटीच्या पुढच्या सभेत पार्किंगचा वाद मिटला, की हा विषय घ्या. युनिटं डक्टमधून मोकळ्या बाजूला हलवायची जागा, त्यासाठीच्या ब्रॅकेटची मजबुती आणि पाण्याच्या नळ्यांची एकच वाट ठरवा. खर्च कुणाचा यावर भांडण होईल. होऊ द्या, पण निर्णय पुढचा मार्च यायच्या आत घ्या.