एका पायानं उचललेली खुर्ची



नाटकावर बोल म्हणालात. मी मॅट्रिक, गोदीत गोणी वाहणारा. कविता लिहितो म्हणून तुम्ही बोलावलंत. भरतमुनी मला ठाऊक नाय, ज्यांना ठाऊक हाय त्यांनी आपल्या वस्तीत कुठले दिवे लावले ते दिसतंयच. मी फक्त एका प्रसंगावर बोलणार.

नाटक आर्थर मिलरचं, 'अ व्ह्यू फ्रॉम द ब्रिज'. १९५५ साली न्यूयॉर्कात एकांकी म्हणून आलं, १९५६ साली लंडनात दोन अंकी होऊन. गोदी कामगाराचं नाटक म्हणून हातात घेतलं, मग सोडवेना. ब्रुकलिनची रेड हूक वस्ती. एडी कार्बोन गोदीत राबतो. बायकोची अनाथ भाची कॅथरीन त्यानंच वाढवलेली. बायकोच्या नात्यातले दोघे भाऊ, मार्को आणि रोडोल्फो, इटलीहून चोरून येतात, एडीच्याच घरात लपतात. पोरगी रोडोल्फोवर जीव टाकते. एडीच्या आत काय जळतं त्याचं नाव त्याला स्वतःलाही घेता येत नाही.

आता पहिल्या अंकाचा शेवट बघा. जेवणं झालीत. कॅथरीन रेकॉर्ड लावते, रोडोल्फोला नाचायला ओढते. एडी बसल्याबसल्या पेपर पिळतो. पिळतो, पिळतो, आणि पेपर टरकन फाटतो. फाटलेल्या पेपरबद्दल कुणी एक शब्द बोलत नाही. मग एडी हसत हसत रोडोल्फोला बॉक्सिंग शिकवायला उठतो. खेळच तो! खेळता खेळता एक ठोसा जरा जास्तच लागतो. तरी रोडोल्फो हसतो. पोरं पुन्हा नाचायला लागतात.

तेव्हा मार्को खुर्ची पुढं करतो. विचारतो, ही एका पायाला खालून धरून, एका हातानं उचलता येईल? एडी गुडघ्यावर बसतो. इंचभर उचलतो, खुर्ची कलंडते. पुन्हा बघतो, जमत नाही. आपल्याला ठाऊक हाय, असं धरलं की वजन हातात राहत नाय, मनगट पिरगळतं. मग मार्को खाली बसतो, पाय धरतो, सावकाश, सावकाश उभा राहतो. खुर्ची एडीच्या डोक्यावर. हत्यारासारखी. मार्कोच्या डोळ्यातली धमकी हसू होते, आणि एडीचं हसू मावळतं. पडदा.

या सबंध प्रसंगात धमकीचा एक शब्द नाही! पेपर, नाच, ठोसा, खुर्ची. प्रत्येक वेळी वर खेळाचा बुरखा, आणि प्रत्येक वेळी बुरखा थोडा पातळ. माणसं बोलून मोकळी झाली असती तर ताण तिथंच सुटला असता.

आणि हा ताण आधीपासून पेरलेला. व्हिनी नावाच्या पोरानं आपल्याच काकाला पकडून दिलं, तेव्हा बापभावांनी त्याला जिन्यावरून फरफटत नेलं, ही गोष्ट सुरुवातीलाच घरात निघते. कॅथरीनला ती सांग म्हणून बायकोला पुढं करणारा एडीच. तोच एडी पुढं फोन करून मार्को-रोडोल्फोला पकडून देतो. वकील अल्फिएरी तर पहिल्या भाषणातच सांगतो, की शेवट रक्ताचा आहे. मग उत्सुकता कसली उरली? उरते. घात होणार ठाऊक असूनही आपण मनात ओरडतो, अरे थांब!

आता आपलं. आपल्या पथनाट्यात मुकादम आला की पहिल्याच वाक्याला शिवी, दुसऱ्याला घोषणा, तिसऱ्याला मार. लोक टाळ्या पिटतात, चहा पितात, घरी जातात. मीही लिहिलीत तशी. पण मी गोदीत बघितलंय. पाळीची नावं पुकारताना एका म्हाताऱ्याचं नाव मुकादमानं गाळलं. यादी घडी करून खिशात घातली. म्हातारा हातातली बिडी कुस्करत राहिला, तंबाखू सगळी पायावर. आम्ही पन्नास जण, कुणाचा आवाज निघाला नाही. माझाही नाही. ते मला अजून लिहिता आलेलं नाही.

आपल्यातला एक साथी म्हणाला, "खबऱ्यासाठी रडायचं कशाला?" प्रश्न खरा हाय. पण मिलरचा एडी आधी आपल्यासारखाच घाम गाळतो, पोरीला शिकवतो, घरात दोघांना आसरा देतो. तो बाहेरचा असता तर मी सुखानं थुंकलो असतो. घरातला हाय म्हणून घशात अडकतो. असे एडी आपल्या चाळीतही हायत, त्यांची नावं आपण घेत नाय.

असो. ही इथं लाकडी खुर्ची हाय. दोघं जण पुढं या. बोलायचं नाय. एकानं खालून पाय धरायचा.