गंजी मृगापर्यंत पुरली पाहिजे
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



दुष्काळ पडला की आपण पिकाबद्दल बोलतो. पैसेवारी किती लागली, विमा मिळणार का, कर्जाचे काय. ते बोललेच पाहिजे. पण पीक जाते ते एका हंगामाचे. बैलजोडी विकली की पुढचा हंगामही अडचणीत येतो. वाफसा आलेल्या दिवशी भाड्याच्या ट्रॅक्टरची वाट पाहत बांधावर बसावे लागते.

आपल्या कोरडवाहू भागात कापूस, सोयाबीन वाढले आणि ज्वारी हटली. ज्वारीबरोबर कडबाही गेला. पऱ्हाटी चुलीत जाते, गव्हाणीत जात नाही. मग उरते ते गायरान. त्याची अवस्था काय आहे? सगळ्यांचे म्हणून सगळ्यांनी चारायचे, आणि राखायचे मात्र कोणीच नाही.

जरा हिशेब करू. समजा गावाला चाळीस एकर गायरान आहे आणि राखले तर एकरी एक टन वाळले गवत मिळते. त्यातले निम्मे मुळांसाठी आणि बियांसाठी सोडले, तर वीस टन हाती राहते. एका जनावराला दिवसाला सहा किलो धरले, तर शंभर जनावरांना ते तेहेतीस दिवस पुरेल.

कोणी म्हणेल, एवढी मारामारी करून एकच महिना? हो, एकच महिना. पण तो कोणता, हे आपल्या हातात आहे. दिवाळीत उधळला तर गेला. वैशाख सरून मृग लागेपर्यंत जपला, तर जनावर बाजारात न्यायचे की दावणीला ठेवायचे, हे तोच महिना ठरवतो.

मृगाचे आणखी एक कारण आहे. पहिल्या पावसाने गवताला जे हिरवे फुटते, ते मुळांत साठवलेल्या बळावर फुटते. नेमके तेव्हाच आपण उपाशी जनावरे गायरानात सोडतो. कोंब खुडला जातो, मूळ थकते, दोन-चार वर्षांत मारवेल आणि पवन्या जातो. त्याच्या जागी कुसळ येते, पुढे तरोटा. तरोट्याला जनावर तोंड लावत नाही. म्हणून गंजी उन्हाळा काढण्यापुरती ठेवून भागत नाही. पेरणीच्या बैलांना आणि वाढणाऱ्या गवताला श्रावणापर्यंत सवड मिळेल एवढी ती असली पाहिजे.

गंजी नसली की माणूस वाळलेल्या पिकात जनावरे घालतो. पाण्याचा ताण पडलेल्या कोवळ्या ज्वारीत आणि तिच्या फुटव्यांत विष असते. तासाभरात जनावर आडवे होते. कापूस पिकवणाऱ्याने हे विसरून चालणार नाही.

राखायचे कसे? अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने १९८९ नंतर पोपटराव पवारांच्या सरपंचकीत चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी केली. जनावर आत नाही, विळा आत. गवत कापून न्यायचे. गाव पाऊस कमी पडणाऱ्या पट्ट्यातलेच आहे. सरकारने तारेचे कुंपण घातले म्हणून गवत वाढले नाही. गावाने शब्द पाळला म्हणून वाढले.

पण नुसती बंदी म्हणजे अन्याय होतो. ज्याच्या दावणीला दहा जनावरे आणि घरात कडब्याची गंजी आहे, त्याला चराईबंदी सोपी आहे. जिच्याकडे एक गुंठा जमीन नाही आणि दोन शेळ्या आहेत, तिने काय करायचे? तिला वगळून केलेला नियम रात्री मोडला जाणार, आणि तो तिचा दोष नाही. म्हणून गायरानाचे तीन भाग करा. एक भाग शेळ्यामेंढ्यांना खुला ठेवा, दोन बंद ठेवा, आणि दर वर्षी पाळी बदला. कापणीचा पहिला वाटा भूमिहीनांना द्या. धनगरांची वाट अडवू नका. त्यांच्या मेंढ्या वावरात बसतात तेव्हा खत आपल्यालाच मिळते.

कायदा काय म्हणतो? जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ खाली मोफत चराईसाठी जमीन राखून ठेवता येते. २८ जानेवारी २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे हटवा असे सांगितले. त्याच निकालात भूमिहीन आणि अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या पट्ट्यांचा अपवादही आहे. तेव्हा गायरान सोडवायचे म्हणून दलित वस्तीतल्या दोन एकरांवर आधी बोट ठेवू नका. ज्याने स्वतःच्या वावराचा बांध सारत सारत गायरानात नेला, त्याच्यापासून मोजणी सुरू करा. तो बहुधा आपल्याच भावकीतला निघेल. अवघड आहे ते तिथेच.

सरकारलाही विचारू. २०१५ पासून राज्यात बैलांच्या कत्तलीवर बंदी आहे. थकलेल्या बैलाला गिऱ्हाईक उरले नाही. तो शेतकऱ्याने पोसायचा की गायरानाने, याचा हिशेब कायदा करणाऱ्यांनी मांडला का?

छावणी उघडली तर घेऊ. तो उपकार नव्हे. पण छावणी सरकारच्या सहीने उघडते आणि सरकारच्याच सहीने बंद होते. गंजी गावाची असते.

या पावसाळ्याआधीच्या ग्रामसभेत तीन ठराव करा: गायरानाची मोजणी, पोळ्यापर्यंत दोन भाग बंद, आणि कापलेल्या गवताची वाटणी. वाटणीचा कागद चावडीवर लावा. दुष्काळ पडल्यावर केलेला ठराव भांडणात जातो. पाऊस बरा असताना केलेलाच टिकतो.