खेळ घडवणारे यंत्र



भंडाऱ्याची पितळी भांडी नावाजलेली. बाजारात भांडे चकाकते. पण ते ज्या हत्यारांनी घडले, ती गिऱ्हाइकाला दिसत नाहीत. मुलांच्या गेम कन्सोलचेही तसेच आहे.

दुकानातले कन्सोल कंपनीची सांकेतिक सही असलेलाच खेळ चालवते. मग नवा खेळ जन्मावा कसा? त्यासाठी कंपनी निर्मात्याला निराळे यंत्र देते. त्याला ‘डेव्हकिट’ म्हणतात. ते अर्धवट, बिनसहीचा खेळही चालवते, संगणकाला जोडता येते आणि खेळ कोठे अडला ते दाखवते. बहुधा त्याची मेमरीही जास्त असते. मात्र कंपनीशी करार केल्यावाचून ते हाती येत नाही.

म्हणजे बुद्धी असूनही माणूस हत्यारापाशी अडतो. हे ओळखून सोनीने १९९६ साली जपानात ‘नेट यारोझे’ हे काळे यंत्र हौशी लोकांसाठी काढले. २०१६ साली मायक्रोसॉफ्टने दुकानातल्या एक्सबॉक्स वनवरच स्वतःचा कार्यक्रम चालवून पाहण्याची सोय दिली. आणि २०२० साली पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ हा खेळ आधी निन्टेंडो स्विचवर, मग इतर कन्सोलवर आला.

पुण्याला जमले ते साकोली-तुमसरला का जमू नये? वाचनालयात आपण पुस्तके ठेवतो. तसे एखाद्या महाविद्यालयाने असे एक यंत्र ठेवावे. पोरांना खेळ आपण विकत देतोच. आता हत्यारही देऊन पाहा. जिल्हा कारागिरांचा आहे. पुढचे तीच शिकतील.